आजाराची धास्ती तुर्की भाषेत मोजताना : एका मापनीच्या अनुकूलनाचे प्रकरण

पार्श्वभूमी

तुर्कस्तानातील एका विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात तीन संशोधकांच्या गटाने २०१९ च्या शरदात एक काम हाती घेतले. आपण सहज आजारी पडू, असे माणसाला किती वाटते, हे मोजणारी एक इंग्रजी मापनी त्यांना तुर्की भाषेत आणायची होती. संख्याशास्त्राच्या बाजूने त्यांच्या नोंदी वाचणे आणि शंका काढणे एवढेच माझे काम होते. गटाची ओळख पटेल असे तपशील येथे गाळले आहेत.

'पर्सीव्हड व्हल्नरेबिलिटी टू डिसीज' नावाची ही मापनी डंकन, शॅलर आणि पार्क यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात १५ विधाने असून प्रत्येकाला १ ते ७ या श्रेणीवर सहमती द्यायची असते. विधानांचे दोन गट पडतात. सात विधाने 'मला संसर्ग पटकन होतो' या समजुतीविषयी आहेत. साथ आली की मला ती गाठतेच, माझी प्रतिकारशक्ती मला वाचवते, अशा प्रकारची. उरलेली आठ विधाने जंतूंच्या किळसेविषयी आहेत : कुणी तोंड न झाकता शिंकले की त्रास होणे, दुसऱ्याने चावलेली पेन्सिल नको वाटणे, हस्तांदोलनानंतर लवकर हात धुवावेसे वाटणे. पहिल्या गटात माणूस स्वतःच्या शरीराविषयीचे मत सांगतो, तर दुसऱ्यात तो समोरच्या वस्तूला किंवा व्यक्तीला पाहून काय वाटते ते सांगतो. दोन्ही गटांत तीन-तीन विधाने उलट अर्थाची आहेत, म्हणजे त्यांना दिलेले गुण बेरजेपूर्वी फिरवून घ्यावे लागतात. ही सहा विधाने पुढे फार महत्त्वाची ठरणार होती, पण सुरुवातीला त्यांच्याकडे कुणाचेच लक्ष नव्हते.

गटाचा हेतू मर्यादित होता. शॅलर यांनी मांडलेल्या 'वर्तनात्मक प्रतिकारयंत्रणे'च्या कल्पनेवर, म्हणजे रोगजंतूंपासून दूर ठेवणाऱ्या भावना आणि सवयींवर, त्यांना तुर्की समाजात काम करायचे होते आणि त्यासाठी हाताशी साधन हवे होते. भाषांतर हा त्यांच्या दृष्टीने रस्त्यातला पहिला थांबा होता.

पहिला पेच : मापनीचे नाव

काम सुरू झाले आणि नावावरच अडले. 'व्हल्नरेबिलिटी' या इंग्रजी शब्दासाठी तुर्कीत निदान तीन उमेदवार पुढे आले. 'दुयार्लिलिक' हा शब्द आरोग्यविषयक लेखनात रुळलेला असला, तरी रोजच्या भाषेत 'दुयार्ली' माणूस म्हणजे जाणीव असलेला, सामाजिक भान असलेला माणूस. त्यामुळे 'आजाराविषयी दुयार्लिलिक' याचा अर्थ एखादा वाचक 'आजाराविषयी जागरूकता' असा घेण्याची शक्यता होती. 'सावुन्मासिझ्लिक' म्हणजे संरक्षणहीनता. हा शब्द अचूक, पण फार गंभीर, जणू माणूस वेढ्यात सापडला आहे. 'यात्किन्लिक' म्हणजे कल. संगीताकडे ओढा असलेल्या मुलालाही 'यात्किन' म्हणतात, आणि आजारांकडे झुकणाऱ्या शरीरालाही.

गटाने 'यात्किन्लिक' निवडला. माझ्या मते ही निवड योग्य होती, पण तिची किंमत नोंदवायला हवी होती. हा शब्द पहिल्या उपमापनीला, म्हणजे संसर्गाच्या विधानांच्या गटाला, नेमका बसतो. दुसरीला, म्हणजे किळसेच्या विधानांना, तो लागूच होत नाही. मूळ इंग्रजी नावातही हा ताण आहे, पण तुर्की नावाने तो वाढवला. ज्यांनी पुढे केवळ नाव वाचून एकूण बेरीज वापरली असती, त्यांना किळसेचा अर्धा भाग दिसलाच नसता.

भाषांतर, उलट-भाषांतर आणि खोटे समाधान

गटाने रूढ पद्धत वापरली. दोघांनी स्वतंत्रपणे इंग्रजीतून तुर्कीत भाषांतर केले, एकत्र बसून एक मसुदा ठरवला, आणि मूळ मापनी न पाहिलेल्या तिसऱ्या व्यक्तीने तो पुन्हा इंग्रजीत नेला. ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये मांडलेली उलट-भाषांतराची ही रीत आजही प्रबंधांमध्ये सर्रास दिसते. परत आलेले इंग्रजी मूळ मापनीशी जवळजवळ शब्दशः जुळले आणि गट निर्धास्त झाला.

येथेच पहिली चूक झाली. उलट-भाषांतर चांगले जुळणे हे भाषांतर चांगले असल्याचे लक्षण असू शकते, तसेच ते फार शब्दशः असल्याचेही असू शकते. इंग्रजी रचना जशीच्या तशी तुर्कीत उतरवली, तर इंग्रजी जाणणारा दुसरा भाषांतरकार ती ओळखतो आणि तशीच परत करतो. मधल्या तुर्की वाक्याला सामान्य वाचक कसा सामोरा जाईल, हा प्रश्न या फेऱ्यात कधी विचारलाच जात नाही. आंतरराष्ट्रीय चाचणी आयोगाच्या अनुकूलनविषयक मार्गदर्शक तत्त्वांत, ज्यांची दुसरी आवृत्ती २०१७ ची आहे, उलट-भाषांतराखेरीज इतर पुरावे मागितले आहेत. त्यांतला एक म्हणजे प्रत्यक्ष प्रतिसादकांबरोबरची छोटी प्राथमिक चाचणी. गटाने तज्ज्ञांचे अभिप्राय घेतले. पण ज्या मुलाखतींत प्रतिसादक विधान वाचून मनातला विचार मोठ्याने बोलतो, त्या वेळेअभावी वगळल्या. विद्यापीठाच्या नीतिसमितीची मंजुरी आली होती, वसंत सत्र सुरू होणार होते आणि विद्यार्थी वर्गात मिळणार होते. अशी घाई बहुतेक गट करतात. मीही त्या वेळी आक्षेप घेतला नाही.

पंधरापैकी काही विधाने मुळातच कुरबूर करणारी होती. सार्वजनिक दूरध्वनी वापरणे टाळण्याविषयीचे विधान वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला द्यायचे, तर त्याने असा दूरध्वनी क्वचितच वापरलेला असणार. टाळण्याचे कारण जंतू नसून मोबाइल आहे. गटापुढे तीन वाटा होत्या : विधान तसेच ठेवावे, त्याजागी रोख रकमेच्या यंत्राची (एटीएमची) बटणे घालावीत, किंवा दोन्ही विचारावे. बदल केला तर इतर देशांतल्या निकालांशी तुलना ढिली होते. न केला तर गोळा होणारी संख्या निरर्थक ठरण्याची भीती. शिवाय मूळ लेखकांची परवानगी भाषांतरासाठी घेतलेली होती आणि विधान बदलण्यासाठी ती पुरेशी नाही, असे गटाने मानले. शेवटी मूळ विधान गुणांत ठेवून बटणांचे नवे विधान सोळावे म्हणून जोडले आणि ते बेरजेबाहेर ठेवले. या संपूर्ण प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय हाच होता, आणि तो घ्यायला त्यांना जेमतेम एक दुपार लागली.

मार्च २०२०

फेब्रुवारी २०२० मध्ये माहिती गोळा करणे सुरू झाले. काही विद्यार्थ्यांना तीन आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा द्यायची होती, कारण पुनर्चाचणीतून मापनीची स्थिरता तपासायची होती. तुर्कस्तानात कोव्हिडचा पहिला रुग्ण ११ मार्चला जाहीर झाला. १६ मार्चपासून शाळा-विद्यापीठांचे वर्ग थांबले, २१ मार्चला ६५ वर्षांवरील नागरिकांच्या घराबाहेर पडण्यावर बंदी आली, २३ तारखेला विद्यापीठे दूरस्थ शिक्षणाकडे वळली. पुनर्चाचणीची ठरलेली तारीख नेमकी याच पंधरवड्यात येत होती.

गटात मतभेद झाले. एकाचे म्हणणे, प्रश्नावली ऑनलाइन पाठवून वेळापत्रक पाळावे. दुसरीचे म्हणणे, आता थांबावे, कारण आपण जे मोजतो आहोत तेच देशभर एका आठवड्यात बदलले आहे. तिसऱ्याला वाटत होते की दोन्ही टप्प्यांची तुलना हाच एक दुर्मीळ अभ्यास होईल. तिघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. अडचण एवढीच की तिघे तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत होते.

येथे एक तांत्रिक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. सर्वांचे गुण सारख्याच प्रमाणात वाढले, तर पुनर्चाचणीचा सहसंबंध घसरत नाही. तो फक्त माणसांचा आपसातला क्रम पाहतो. धोका दुसरीकडे असतो. भीती प्रत्येकाची सारखी वाढत नाही. ज्याच्या घरी वृद्ध आजी आहे त्याची जास्त वाढते, आणि ज्याचे गुण आधीच वरच्या टोकाला होते त्याला वाढायला जागाच उरत नाही. मग क्रम विस्कटतो आणि मापनी अस्थिर दिसते, प्रत्यक्षात अस्थिर झालेले असते ते जग. गटाने काही जणांना ऑनलाइन पुनर्चाचणी पाठवली, आणि नेमके तसेच झाले. संसर्गाच्या विधानांचे चित्र फारसे हलले नाही. किळसेच्या विधानांचे गुण वर जाऊन एकमेकांना चिकटले. हस्तांदोलनच थांबलेल्या देशात हस्तांदोलनानंतर हात धुण्याविषयी विचारले, तर उत्तर माणसामाणसांत फरक करू शकत नाही.

पुनर्चाचणी रद्द करण्याचा निर्णय एप्रिलमध्ये झाला. पहिल्या टप्प्याची माहिती टाकून न देता 'साथीपूर्व नमुना' म्हणून वेगळी ठेवायची आणि तिच्यावर प्राथमिक विश्लेषण करायचे ठरले.

सहा उलट विधाने

विश्लेषणात संसर्ग आणि किळस या दोन घटकांचे अपेक्षित प्रारूप नीट बसेना. प्रारूप माहितीशी किती जुळते हे सांगणाऱ्या आकड्यांपैकी 'तुलनात्मक सुसंगतता निर्देशांक' (सीएफआय) ०.९५ च्या आसपास आणि 'अंदाजाची त्रुटी' (आरएमएसईए) ०.०६ च्या खाली असावी, हे हू आणि बेंटलर यांच्या १९९९ च्या लेखापासून रूढ झालेले दंडक आहेत. ते आंधळेपणाने पाळू नयेत हे खरे, पण या ठिकाणी अंतर किरकोळ म्हणण्यासारखे नव्हते. सुधारणा कुठे हवी हे दाखवणारे निर्देशक पाहिले तर बोट एकाच दिशेला होते : दोन्ही उपमापन्यांमधली उलट विधाने आशय वेगळा असूनही एकमेकांशी जुळत होती.

संगणकाने सुचवलेले त्रुटींमधले सहसंबंध, म्हणजे घटकांनी न उलगडलेला विधानांमधला मेळ, एकेक करून प्रारूपात जोडत जायचे, ही सोपी वाट होती. त्याने आकडे सुंदर होतात, मात्र कारण झाकले जाते. गटाने ती वाट काही दिवस चालून पाहिली आणि सोडली. त्याऐवजी त्यांनी परस्परविरोधी विधानांच्या जोड्या तपासल्या. 'साथ आली की मला होणारच' आणि 'साथ असली तरी मला होण्याची शक्यता कमी' या दोन्हींना पूर्ण सहमती देणारे प्रतिसादक दुर्लक्ष करण्याइतके थोडे नव्हते. त्यांतले काही जण निष्काळजी असतील, पण सगळेच नसावेत, कारण इतर ठिकाणी त्यांची उत्तरे सुसंगत होती.

उन्हाळ्यात, टाळेबंदीच्या सक्तीच्या फुरसतीत, गटाने वगळलेल्या मुलाखती व्हिडिओ कॉलवर घेतल्या. पहिल्याच काही मुलाखतींत उत्तर मिळाले. मराठीत 'वाटत नाही' म्हटले की 'नाही' हा शब्द वेगळा उभा राहतो, डोळा त्यावर अडतो. तुर्कीत नकार क्रियापदाच्या पोटात बसतो. 'कायगिलान्दिरिर' म्हणजे चिंतेत टाकते. 'कायगिलान्दिर्माझ' म्हणजे चिंतेत टाकत नाही. लांबलचक क्रियापदाच्या शेपटातला एवढाच फरक. पैशांना हात लावल्यावर हात मळल्यासारखे वाटत नाही, या विधानाच्या शेवटी 'हिस्सेत्मेम' होते. त्याच अक्षरांचा अर्थ 'मला वाटणे' असाही होतो. बोलताना आघातावरून कळते, कागदावर आघात नसतो. त्यात 'अजिबात सहमत नाही' हे उत्तर निवडायचे म्हणजे नकाराचा नकार. एका मध्यमवयीन प्रतिसादिकेने 'आजारी माणसांजवळ असणे मला चिंतेत टाकत नाही' हे विधान मोठ्याने वाचताना नकाराचा प्रत्ययच गाळला, उत्तर दिले आणि पुढे गेली. आपण काही चुकलो हे तिला कळलेही नाही. त्या ध्वनिमुद्रणाने गटातला वाद एका क्षणात संपवला.

मुलाखतींतून आणखी दोन गोष्टी बाहेर आल्या. साथ 'फिरत असणे' यासाठी मसुद्यात 'साल्गिन' हा शब्द होता. फेब्रुवारीत तो सर्दी-तापाच्या हंगामालाही चालून गेला असता. जूनमध्ये त्याचा अर्थ कोव्हिडशिवाय दुसरा कुणी घेईना. दुसरी गोष्ट अधिक गुंतागुंतीची होती. अनेकांच्या मते सर्दी माणसाकडून येत नाही. ती ओले केस, अनवाणी फरशी आणि वाऱ्याची झुळूक यांतून येते. यासाठी तुर्कीत 'युश्युत्मेक' हे खास क्रियापद आहे. 'ब्युन्येम झायिफ', म्हणजे माझी प्रकृतीच अशक्त, असे सांगून लोक संसर्गाच्या विधानांना वरचे गुण देत होते. ('झायिफ' हा आपल्या 'जईफ'चाच सख्खा भाऊ, दोघांचा उगम एकच अरबी शब्द.) गटाने ठरवले की कारण काहीही मानले तरी स्वतःला आजारप्रवण समजणे हेच मोजायचे आहे, म्हणून ही विधाने तशीच राहू द्यावीत. मला हा युक्तिवाद पूर्ण पटलेला नाही. वाऱ्याला घाबरणारा माणूस गर्दी टाळेलच असे नाही, आणि मापनीमागचा सिद्धांत तर गर्दी टाळण्याविषयीच आहे.

उलट विधानांसाठी विचारात घेतलेले पर्याय

सहाही विधाने काढून टाकावीत, हा एक प्रस्ताव होता. त्याने प्रत्येक उपमापनीची लांबी घटली असती आणि सगळ्याला 'हो' म्हणत जाणाऱ्यांना पकडण्याचे साधन गेले असते. दुसरा प्रस्ताव असा की विधाने तशीच ठेवून विश्लेषणात उलट शब्दयोजनेचा वेगळा घटक मानावा. शास्त्रीयदृष्ट्या हे मान्य, परंतु दवाखान्यात बसून १५ गुणांची बेरीज करणाऱ्या माणसाच्या उपयोगाचे नाही. तिसरा प्रस्ताव भाषिक होता : विधानाची दिशा उलटच ठेवायची, पण नकाराचा प्रत्यय टाळून विरुद्धार्थी शब्द वापरायचा.

गटाने तिसरा निवडला. रुग्णांच्या सहवासाचे विधान 'आजारी माणसांजवळ माझे मन निवांत असते' अशा अर्थाचे झाले आणि सुरेख बसले. पैशांच्या विधानाने मात्र दगा दिला. 'हात मळल्यासारखे वाटत नाही' याचे प्रत्ययाविना रूप 'हात स्वच्छ वाटतात' असे होते, आणि ते वेगळेच विधान आहे. नोटा मोजल्यावर हात स्वच्छ वाटतात असे कुणीच म्हणत नाही. बऱ्याच खटपटीनंतर तेथे नकार ठेवून तो ठळक अक्षरांत छापला. ही तडजोड होती आणि गटाने ती तशी कबूलही केली.

श्रेणीतही एक बदल झाला. पहिल्या आवृत्तीत सातही पायऱ्यांना शब्द दिले होते. 'बिराझ' सहमत आणि 'किस्मेन' सहमत, म्हणजे थोडे आणि अंशतः, यांत कोणते जास्त हे मुलाखतींत प्रत्येकाने वेगळे सांगितले. दुसऱ्या आवृत्तीत फक्त टोकांना शब्द राहिले.

निष्पत्ती

सुधारित आवृत्तीची माहिती २०२१ च्या शरदात, वर्ग पुन्हा प्रत्यक्ष भरू लागल्यावर, घेतली गेली. या खेपेस विद्यार्थ्यांबरोबर त्यांच्या पालकांच्या वयाचे प्रतिसादकही होते. दोन घटकांची रचना आता उभी राहिली आणि परस्परविरोधी जोड्यांमधला गोंधळ बराच निवळला. संसर्गाची उपमापनी आतून घट्ट बांधलेली निघाली. किळसेची तुलनेने सैल राहिली. मूळ इंग्रजी मापनीतही दुसरी उपमापनी पहिलीइतकी सुसंगत नव्हती, त्यामुळे हा दोष सर्वस्वी भाषांतराच्या माथी मारता येत नाही.

सैलपणाचे एक कारण मला सांस्कृतिक वाटते. दुसऱ्याने वापरलेले कपडे नको वाटण्याचे विधान अनोळखी माणसाला गृहीत धरते. चुलतभावंडांचे कपडे पुढच्या मुलाकडे जाणाऱ्या घरात त्याला तोच अर्थ नसतो. हात धुण्याला नमाजापूर्वीच्या 'आब्देस्त'ची (वजूची) सवय जोडलेली आहे, पाहुण्याच्या तळहातावर कोलोन्या हे सुगंधी द्रव्य ओतण्याच्या रिवाजाची आठवण जोडलेली आहे. दोन्हींत स्वच्छता आहे, पण किळस असेलच असे नाही. उलट बायरामच्या (ईदच्या) दिवशी वडीलधाऱ्यांच्या हाताचे चुंबन घेऊन तो कपाळाला लावल्यानंतर लगेच हात धुणे हा उघड अपमान ठरेल. एकच कृती, आणि तिला तीन दिशांनी ओढणारी तीन कारणे. सार्वजनिक दूरध्वनीचे विधान अपेक्षेप्रमाणे दुबळे निघाले आणि बटणांच्या सोळाव्या विधानाने त्याच्यापेक्षा चांगले काम केले. तरीही गुणांकनात दूरध्वनीच राहिला.

पुनर्चाचणी या खेपेला वेळेवर झाली. किळसेच्या अन्य मापनीशी दुसऱ्या उपमापनीचा आणि आरोग्यचिंतेशी पहिलीचा संबंध अपेक्षित दिशेने मिळाला. अहवालात गटाने स्पष्ट लिहिले की दोन उपमापन्यांचे गुण वेगवेगळे वापरावेत आणि एकूण बेरजेवर निष्कर्ष काढू नयेत.

वेगळे काय करता आले असते

मुलाखती आधी घेतल्या असत्या, तर फेब्रुवारीचा संपूर्ण नमुना सदोष विधानांवर खर्च झाला नसता. त्या मुलाखतींना लागलेला एकूण वेळ उलट-भाषांतराच्या बैठकांहून कमी होता, ही बाब गटाने स्वतःच नंतर नोंदवली. भाषांतरकारांत इंग्रजी न येणारा, पण तुर्की उत्तम वाचणारा एखादा माणूस असायला हवा होता. शाळेतला भाषाशिक्षकही चालला असता. आणि 'यात्किन्लिक' हे नाव दोन उपमापन्यांना मिळून देण्याऐवजी फक्त पहिलीला दिले असते, तर अहवालातल्या त्या सूचनेची गरज कमी भासली असती.

साथीपूर्व नमुन्याविषयी मात्र मतभेद आजही आहे. पहिल्या आवृत्तीची विधाने सदोष असल्याने तो नमुना सुधारित आवृत्तीशी थेट ताडता येत नाही, आणि ११ मार्च २०२० पूर्वीची तुर्की माणसाची धास्ती आता पुन्हा मोजताही येणार नाही. गटातल्या तिसऱ्या सदस्याने न बदललेल्या विधानांपुरती दोन्ही काळांची तुलना सुरू केली आहे. इतर दोघांनी त्या लेखावर नाव घालण्यास नकार दिला आहे.